आमच्या घरचं तेल आणि माझं वजन

गेल्या वर्षी फोनमध्ये कॅलरी मोजणारं एक ॲप घेतलं आणि पहिल्याच दुपारी अडलो. ताटात उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, बांगड्याचं हुमण, रवा लावून तळलेला एक बांगडा आणि पेलाभर सोलकढी. ॲपमध्ये ‘फिश करी’ शोधली तर भलीमोठी यादीच निघाली. एक म्हणते वाटीला १४० कॅलरी, दुसरी म्हणते ३८०. आमचं हुमण यातलं कुठलं? स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, आज नारळ किती घातलास? तिने वळूनही न बघता सांगितलं, “जाय तितलो.” हवा तेवढा.

कॅलरीच्या सगळ्या हिशेबाची गोम या दोन शब्दांत आहे. गणित सोपं आहे, चौथीच्या मुलाला जमेल असं. अडचण आहे ती डावात. वाढायच्या डावात.

सकाळी गोव्यात आमच्या फर्मागुडीला चालायला येणाऱ्यांत सध्या दोनच विषय असतात, साखर आणि वजन. यात नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, इंडिॲब या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. त्याआधीच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या साधारण दर तीन प्रौढांपैकी एकाचं वजन प्रमाणाबाहेर होतं. त्यात २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं बाजारात आली. त्यामुळे ‘कॅलरी मोजा’ हा सल्ला आता डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळेच देतात. मोजायचं म्हणजे काय, ते मात्र कुणी सांगत नाही.

कॅलरी म्हणजे काय जळतं?

चुलीत नारळाची करवंटी जाळली की हंड्यातलं पाणी तापतं. करवंटीत साठलेली ऊर्जा पाण्यात गेली, एवढंच. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला जितकी ऊर्जा लागते, तिला आहाराच्या भाषेत एक कॅलरी म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकात हिलाच किलोकॅलरी म्हणतात. पाकिटावर ‘केकॅल’ लिहिलेलं दिसलं तर ते आणि हे एकच.

खाल्लेला भात करवंटीसारखा भडकत नाही, पण शरीर त्याला सावकाश जाळतंच. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात एक बंद खोली बांधली. माणूस दिवसचे दिवस आत राहायचा, खायचा, झोपायचा, व्यायाम करायचा आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेर मोजली जायची. जेवढं आत गेलं तेवढंच कुठल्या ना कुठल्या रूपाने बाहेर आलं किंवा शिल्लक राहिलं. माणूस या नियमातून सुटत नाही हे तिथे सिद्ध झालं. आजही वापरतो ते आकडे त्याच्याच कामातून आलेत. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून, म्हणजे कर्बोदकांतून, ४ कॅलरी. एक ग्रॅम प्रथिनांतून ४. एक ग्रॅम चरबीतून, म्हणजे तेल-तुपातून, ९. आणि दारूतल्या एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७.

फेणीचा ६० मिलीलिटरचा पेग घ्या. तिची तीव्रता साधारण ४२ टक्के धरली तर त्यात २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० कॅलरी. लिंबू सोडा घातलात तर त्यातली साखर वेगळी, आणि सोबतचे काजू आणखी वेगळे. मूठभर काजू दीडशेच्या वर जातात, आणि मूठ एकीवर थांबत नाही.

मानशीचं पाणी

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, पाहिलेल्याला बाकीचं समजावणं सोपं. बांधाला मानस असते, पाण्याचं दार. भरतीला थोडं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला बाहेर सोडायचं. आतली पातळी म्हणजे आत आलेलं वजा बाहेर गेलेलं. अंगावरची चरबी ही ती पातळी. आत येतं ते जेवण, बाहेर जातं तो दिवसाचा खर्च.

हा खर्च तीन वाटांनी होतो. सगळ्यात मोठा भाग, साधारण ६० ते ७० टक्के, नुसतं जिवंत राहण्यात जातो. हृदय, यकृत, मेंदू, श्वास. दिवसभर पलंगावर पडून राहिलात तरी तो होतोच. याला बेसल मेटॅबॉलिक रेट म्हणतात, आपण मूळ खर्च म्हणू. दहा टक्क्यांच्या आसपास अन्न पचवण्यातच जातात. उरलेले हालचालीत. फुगडीपासून फायली उचलण्यापर्यंत सगळं त्यात.

माझंच उदाहरण. तेव्हा वय ४८, वजन ८२ किलो, उंची १६८ सेंटीमीटर, काम खुर्चीतलं. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० चं एक सूत्र आहे. किलोतल्या वजनाला १० ने गुणा, उंचीला सव्वासहाने गुणून त्यात मिळवा, वयाला ५ ने गुणून वजा करा, पुरुष असाल तर ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. माझा मूळ खर्च आला १,६३५. बैठ्या कामासाठी त्याला १.३ ते १.४ ने गुणायचं. म्हणजे दिवसाचे २,१०० ते २,३०० च्या मध्ये कुठेतरी. हे सूत्र अमेरिकन माणसांच्या मापांवरून काढलेलं आहे, त्यामुळे शंभर-दोनशेचा फरक धरूनच चालायचा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० कॅलरी पुरतात.

आत येणारं मोजायचं कसं? मी वाणसामानापासून सुरुवात केली

ॲपवाले म्हणतात, प्रत्येक घास टिपा. इडली-सांबार खाणाऱ्याला ते जमत असेल. आपल्या घरी एका टोपातून चौघांना वाढतात, त्यातला नारळ वाटणात, तेल फोडणीत आणि थोडं माशाच्या अंगाला. माझ्या वाटीत किती आलं हे देवालाच ठाऊक. मी आठवडाभर प्रामाणिकपणे टिपलं आणि लक्षात आलं की मी आकडे शोधत नाही, आवडलेला आकडा निवडतो.

मग उलट बाजूने मोजायचं ठरवलं. घरात येतं किती? आम्ही चौघं. मी, बायको, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. महिन्याच्या सामानाची यादी काढली.

तेल, ९१० ग्रॅमच्या चार पिशव्या. चौघं, तीस दिवस, म्हणजे भाग १२० ने. माणशी रोज ३० ग्रॅम, २७३ कॅलरी. मी घरात छातीठोकपणे सांगत असे की आपण तळलेलं फारसं खात नाही.

साखर तीन किलो. माणशी रोज २५ ग्रॅम, शंभर कॅलरी. बहुतेक चहातली.

तांदूळ २२ किलो. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरल्या तर माणशी रोज ६४० च्या आसपास.

आणि नारळ. इथे आईशी वाद झाला. परसातल्या माडांचे येतात म्हणून कुणी ते कधी मोजलेच नव्हते. मी एक नारळ फोडून खोवलेला चव वजनकाट्यावर ठेवला. २४० ग्रॅम भरला, म्हणजे ९०० कॅलरीच्या जवळपास. महिन्याला तीसेक नारळ धरले तर माणशी रोज २२५. आई म्हणाली, रस काढून चोथा टाकतो तो कोण खातो? तिचं म्हणणं बरोबर होतं. सोलकढीचा चोथा बाहेर जातो, त्यातली थोडी चरबी त्याच्याबरोबर जाते. मी पन्नास कमी केले. शंभर करावेत असं तिचं मत होतं.

तरीही बेरीज करा. तेल, साखर, तांदूळ, नारळ. या चार जिन्नसांतच जवळजवळ १,२००. मासळी, डाळ, भाज्या, दूध, पोई, उंडे, संध्याकाळचा फरसाण अजून बाकीच आहे. आणि हे चौघांत सारखं वाटून. आई चिमणीएवढं जेवते, तेव्हा तिच्या वाट्याचं कुणाच्या ताटात जात होतं ते सांगायला नको.

या पद्धतीत बाहेरचं खाणं येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. माझं म्हणजे ऑफिसजवळची पातळ भाजी, दोन पाव, अधूनमधून एक मिरची भजी आणि गोड चहा. माझ्या अंदाजाने पाचशेच्या घरात. पण घरचा आकडा खोटं बोलत नाही. रिकामी पिशवी म्हणजे रिकामी पिशवी.

शिताचं एक वेगळं सांगायला हवं. स्वयंपाकघरातला छोटा काटा आणून मी माझ्या नेहमीच्या वाढणीचं वजन केलं. डोंगर होता ४२० ग्रॅमचा. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला १३० कॅलरी, म्हणजे साडेपाचशे. नुसता भात, हुमण पडायच्या आधी. दुसऱ्या दिवसापासून २८० ग्रॅम. आईने ताट पाहिलं आणि म्हणाली, “इतलेंच शीत? बरें ना तुका?”

“मी तर काहीच खात नाही!”

हे वाक्य प्रत्येक घरात एकजण तरी म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. न्यूयॉर्कमध्ये झालेला एक छोटा, पण गाजलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचा खर्च आणि आहार अचूक साधनांनी मोजला. त्यांचा खर्च अगदी ठीक निघाला. खाणं मात्र त्यांनी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. चाखून बघताना तोंडात टाकलेलं, पोराच्या ताटात उरलेलं, देवळातला प्रसाद, भाऊबंदाकडे नको म्हणता न आलेला लाडू. हे कुणी लबाडीने लपवत नाही. ते जेवण वाटतच नाही.

थायरॉइडचं काय? थायरॉइड मंदावला तर वजन वाढतं, पण सहसा काही किलोच, आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. काही औषधांनीही वजन वाढतं. स्टेरॉइड आणि इन्सुलिन त्यातली ठळक. शंका असेल तर रक्त तपासून घ्यावं, नुसता संशय घेऊन बसू नये.

सहा महिन्यांनी वजन अडतं, ते का?

‘७,७०० कॅलरी वाचवा, एक किलो उतरवा’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरने १९५८ साली मांडलेल्या हिशेबाचा हा किलोतला अवतार. एक किलो मेदात तेवढी ऊर्जा असते, हे साधारण खरं. चूक पुढे होते. लोक त्रैराशिक मांडतात. रोज २४० वाचवले, वर्षाला ८७,६००, भागिले ७,७००, म्हणजे वर्षात ११ किलो. दहा वर्षांत माणूस नाहीसाच व्हायचा.

पुन्हा मानशीकडे चला. आतलं पाणी जसं उतरतं तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि बाहेर पडणारी धारही बारीक होते. शरीराचंही तसंच. ७६ किलोचं अंग चालवायला ८२ किलोच्या अंगापेक्षा कमी इंधन लागतं. शिवाय शरीर थोडी काटकसर आपणहून सुरू करतं आणि भूक वाढवतं. केव्हिन हॉल या अमेरिकेतल्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा उतार गणितात बसवला. त्यांचा ढोबळ नियम असा की रोजच्या आहारात कायमची २४ कॅलरी कपात केली की वजन शेवटी एक किलोने कमी होऊन स्थिरावतं. त्यातलं निम्मं साधारण पहिल्या वर्षात उतरतं, जवळजवळ सगळं उतरायला तीन वर्षं लागतात.

माझी कपात रोज २६० च्या आसपास होती, शितातले १८० आणि तेलातले ८० ते ८५. त्रैराशिकाने वर्षात बारा किलो. हॉलच्या नियमाने पहिल्या वर्षी साडेपाच. चौदा महिन्यांनी काटा ७६.३ वर होता. म्हणजे अडलेलं वजन बऱ्याचदा तुमची चूक नसते, अपेक्षेचं गणित चुकलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात ते कुठले, हेही यात येतं. शरीर साखरेचा थोडा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की आधी हा साठा रिकामा होतो. रविवारी पेजेबरोबर खारा बांगडा खाऊन सोमवारी काट्यावर उभे राहिलात तर मिठाने धरलेलं पाणी उलटं दाखवेल. रोजचा आकडा मनावर घेऊ नका, आठवड्याची सरासरी बघा.

मग दोनशे कॅलरीचे काजू आणि दोनशेचा शिरा सारखाच?

ऊर्जा म्हणून जवळपास सारखा. पोटाच्या हिशेबात नाही. प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, कर्बोदकांना ५ ते १०, चरबीला जेमतेम ३ पर्यंत. अख्ख्या बदामांचं तर असं निघालं की त्यातली बरीच चरबी कडक पेशींतच अडकून न पचता बाहेर जाते. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा शरीराला सुमारे एक तृतीयांश कॅलरी कमी मिळतात.

याहून मोठा फरक भुकेचा. हॉलनेच २०१९ मध्ये वीस माणसांना महिनाभर संस्थेत ठेवून बघितलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पदार्थ, दोन आठवडे घरच्यासारखं अन्न. ताटात वाढलेली साखर, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे, खा हवं तेवढं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि पंधरवड्यात ०.९ किलोने वाढली. कुणी त्यांना आग्रह केला नव्हता.

अन्नाचा प्रकार बदलला की खाणं वाढतं, हे आपल्याकडे जून-जुलैत दिसतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, मासळी महाग, पाठोपाठ श्रावण. ताटातून मासा गेला की प्रथिनं जातात आणि त्यांची जागा न कळत शीत घेतं. डाळ तीच, पातळ. मी त्या दोन महिन्यांत सव्वा किलो वाढलो आणि खापर पावसावर फोडलं, चालायला जाता येत नव्हतं म्हणून. नंतर सामानाच्या नोंदीची वही बघितली तर तांदूळ अडीच किलो जास्त आला होता. आता त्या दिवसांत अंडी, मूग-चवळीची उसळ जाड ठेवतो.

चालून भागणार नाही का?

थोडं भागतं. ७५ ते ८० किलोच्या माणसाने तासभर झपाझप पाच किलोमीटर चाललं तर, बसून राहिल्यापेक्षा जास्त जळतात त्या साधारण दोनशे कॅलरी. परतताना चहा, पाव आणि पातळ भाजी खाल्ली की हिशेब उलटा. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप, मूड सगळं सुधारतं, म्हणून चालावंच. वजनाचं ओझं मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर देऊ नये.

इंजेक्शनं आली, आता मोजायचं कशाला?

माऊंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. ही औषधं मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात, पोट सावकाश रिकामं होतं, माणूस कमी खातो. म्हणजे मानशीच्या नियमाला बगल नाहीच, आत येणारं पाणी कमी होतं इतकंच. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. ज्यांना गरज आहे त्यांना हे वरदान आहे, यात मला शंका नाही. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं. मित्राने घेतलं म्हणून मागवायचं नाही.

कुणी या फंदात पडू नये?

इन्सुलिन किंवा काही जुन्या प्रकारच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना शीत अचानक निम्मं केलं तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. गोव्यात इतक्या घरांत मधुमेह आहे की हे पहिल्या पानावर छापायला हवं. आधी डॉक्टरशी बोला, मग डाव हलका करा. गरोदर बायका, वाढीची मुलं, खंगलेले वृद्ध यांनी मोजायचं कारण नाही. खाण्यावरून मनाला आधीच त्रास झालेल्यांच्या हातात तर वही देऊच नये. मुलगी आकड्यांवरून स्वतःला बोल लावायला लागली तेव्हा मी फ्रिजवरचा माणशी नोंदीचा कागद काढून टाकला. आता नोंद फक्त घराची, माणसाची नाही.

आणि काट्यापेक्षा एक साधी गोष्ट, शिंप्याची टेप. आपल्या लोकांत चरबी पोटात आधी साठते. कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० च्या पुढे गेली की वजन ‘बरं’ असूनही सावध व्हावं, असं भारतीयांसाठीचे निकष सांगतात. माझी ९८ होती, आता ९२ आहे.

ॲप मी केव्हाच काढून टाकलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई आता स्वतःच रेघा ओढते. तेलाची पिशवी फोडली की एक, नारळ फोडला की एक. चारऐवजी आता तिसरी पिशवी महिना पार करते, थोडी उरतेही. सप्टेंबरच्या पानावर मात्र नारळाच्या रकान्यात एकही रेघ नाही. चवथीला पाहुणे, नेवऱ्या, पातोळ्या, खतखतें, सगळं यथासांग झालं होतं आणि माझा काटा १.४ किलोने वर गेला होता. मी विचारलं, हे कोरं कसं?

“ते देवाचे. तुज्या हिशेबांत येनात.”

तेलाच्या रकान्यात तीन रेघा होत्या.